बैठक भरते, तक्रारी तिथेच राहतात

वाचकाचं पत्र:

"ठाण्यात वर्तकनगर भागातल्या नऊ सोसायट्या आणि दोन चाळी मिळून आम्ही गेल्या वर्षी परिसर समिती केली. मी तिची सचिव. पहिल्या बैठकीला साठेक माणसं आली होती, आता दहा-बारा येतात. दर वेळी तेच विषय: पाणी कमी दाबाने येतं, कोपऱ्यावर कचरा साचतो, रस्त्यावरचे दिवे बंद, लग्नाच्या हॉलचा डीजे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या. सगळं लिहून महापालिकेला अर्ज दिला, नगरसेवकांना सांगितलं, ग्रुपवर फोटो टाकतो. उत्तर येत नाही. लोक विचारतात, समितीचा उपयोग काय? एका सोसायटीने पुढच्या महिन्यापासून प्रतिनिधी पाठवणार नाही असं कळवलंय. काहींचं म्हणणं, संस्था रजिस्टर करा, मग वजन येईल. काय करावं?"
– एका परिसर समितीच्या सचिव, ठाणे

सचिवताई,

महापालिकेला दिलेल्या अर्जाची प्रत पत्रासोबत जोडलीत हे बरं केलंत. दुखणं त्या कागदातच दिसतं. दोन पानं, चौदा विषय, खाली अकरा सह्या आणि वर "मा. आयुक्त". असा अर्ज आवक-जावकच्या टेबलावर पडला की पहिला विषय ज्या खात्याचा, त्या खात्याकडे तो रवाना होतो. तुमचा पहिला विषय पाणी. म्हणजे कचरा, दिवे आणि तुंबणारं गटार सगळंच पाणीपुरवठ्याच्या फायलीत जाऊन बसलं. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला कचऱ्याचं काही करता येत नाही. पाण्याबद्दल अर्जात एकच वाक्य आहे: "पाण्याचा तीव्र तुटवडा असून नागरिक त्रस्त आहेत." कुठली सोसायटी, किती वाजता, किती पाणी, कधीपासून, यातलं काहीच नाही. यावर त्याने करायचं तरी काय?

तेव्हा आधी हे बदला. एक विषय, एक खातं, एक अर्ज. विषय चौदा असतील तर कागद चौदा आणि पोचही चौदा. प्रत्येक पोचेवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आणि थेट आयुक्तांच्या नावाने लिहिलं की काम लवकर होतं, हा समजही सोडा. तो कागद मुख्यालयातून खाली उतरेपर्यंत आठवडे जातात. पाणी, दिवे, गटार, कचरा यांसाठी महापालिकेच्या वर्तकनगर प्रभाग समितीच्या कार्यालयात, सहाय्यक आयुक्तांच्या नावे आणि त्या-त्या खात्याच्या उपअभियंत्याला प्रत, एवढं पुरतं.

तक्रार ऐकून घेणं सोपं असतं. ती चालवणं हे समितीचं काम. चालवणं म्हणजे बरोबर दार शोधायचं, मोजून लिहायचं, मागे लागायचं आणि ज्याने तक्रार सांगितली त्याला परत जाऊन काय झालं ते सांगायचं. तुमच्याकडे हे शेवटचं होत नाही. साठ माणसांची दहा झाली ती बहुतेक त्यामुळेच. दिवा लागला नाही हे लोक सहन करतात, पण आपण सांगितलेलं कुणी लिहून तरी घेतलं का, हेच कळलं नाही तर दुसऱ्यांदा कोण येईल?

आता दारांबद्दल. रस्त्यावरचे दिवे महापालिकेच्या विद्युत विभागाचे, घरातली वीज आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) महावितरणचं, तिथे १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. (कळवा, मुंब्रा, शीळ भागातल्या वाचकांसाठी: तिथलं वीजवितरण २०२० पासून टोरेंट या खासगी कंपनीकडे आहे.) रस्त्यावरचं पार्किंग हा वाहतूक पोलिसांचा विषय. महापालिका फलक लावते, पण नो-पार्किंग किंवा सम-विषम तारखांचं पार्किंग ठरतं ते वाहतूक शाखेच्या अधिसूचनेने. म्हणून अर्ज वाहतूक उपविभागाला द्या, सोबत रस्त्याची रुंदी फुटांत आणि दोन्ही बाजूंना गाड्या असताना मधे किती जागा उरते ते मोजून लिहा. अग्निशमनाची गाडी आत येत नसेल तर तेच पहिल्या ओळीत लिहा. सोसायटीने स्वतः सार्वजनिक रस्त्यावर साखळ्या, कुंड्या, "फक्त सभासदांसाठी" असे फलक लावू नयेत. ते बेकायदा आहे, आणि असे फलक तुमच्याच एखाद्या सोसायटीबाहेर असतील तर समितीचा अर्ज तिथेच लंगडा होतो.

वरच्या मजल्याची गळती, थकलेला मेन्टेनन्स, कमिटीची निवडणूक हे विषय बैठकीत घेऊच नका. ते सोसायटीचे, नंतर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचे आणि वाद असेल तर सहकार न्यायालयाचे. तुमच्या बैठकांचा निम्मा वेळ अशाच भांडणांत गेला असणार. बैठकीच्या सूचनेतच लिहा की समिती फक्त सोसायटीच्या गेटबाहेरचे विषय घेते.

पाण्याकडे जरा सविस्तर येऊ, कारण तुमच्या यादीत तेच सगळ्यांत जड आहे आणि चालवता येण्याजोगंही तेच आहे.

ठाणे शहराला पाणी चार ठिकाणांहून मिळतं: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा संस्था), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. तुमच्या वाहिनीला यातलं कुठलं पाणी येतं हे कनिष्ठ अभियंत्याला पहिल्याच भेटीत विचारा. शटडाउन (दुरुस्तीसाठी पाणी बंद) कुणाचा, त्यानंतर दाब पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, हे त्यावर अवलंबून असतं. मग तक्रार तीन प्रकारांत पाडा. परिसरातल्या सगळ्याच सोसायट्यांना पाणी कमी येत असेल तर स्रोत किंवा जलकुंभापाशी काही झालंय, किंवा चावीवाला (पाणी सोडणारा कर्मचारी) व्हॉल्व्ह कमी वेळ उघडतोय. फक्त टोकाच्या दोन-तीन सोसायट्यांना कमी येत असेल तर मधेच कुणीतरी वाहिनीला थेट मोटर लावून ओढतंय, किंवा मधला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे, किंवा वाहिनी गळतेय. आणि एकाच सोसायटीला कमी येत असेल तर दोष बहुधा तिच्याच जोडणीत: गंजून आतून आवळलेला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, मीटरच्या तोंडाशी साचलेला गाळ, नाहीतर जमिनीखालच्या टाकीतला अडकलेला बॉलव्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा). हे प्लंबरकडून आधी तपासून घ्या. अभियंता येऊन "तुमचाच बॉलव्हॉल्व्ह अडकलाय" म्हणाला की पुढच्या खऱ्या तक्रारीलाही तो येत नाही.

मोजायचं कसं? मीटर चालू असेल तर पाणी यायच्या आधी आणि गेल्यानंतर वाचन घ्या. फरक घनमीटरमध्ये असतो, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. मीटर बंद असेल तर जमिनीखालच्या टाकीत लाकडी पट्टी उभी धरून पातळी मोजा. मात्र पाणी येत असताना वर चढवायचा पंप बंद ठेवा, नाहीतर आकडा चुकतो. समजा टाकी चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, आणि अडीच तासांत पातळी नव्वद सेंटिमीटरने वाढली. बारा गुणिले शून्य पूर्णांक नऊ, म्हणजे १०.८ घनमीटर, १०,८०० लिटर. अठ्ठेचाळीस घरं, घरटी चार माणसं धरली तर १९२ माणसं. माणशी ५६ लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा आधार धरतात. आता तुमच्याकडे "तीव्र तुटवडा" या दोन शब्दांऐवजी एक आकडा आहे, आणि तो कुणालाही तपासता येतो.

हे मोजमाप सलग सात दिवस करा, कारण एका दिवसाचा आकडा "त्या दिवशी शटडाउन होता" या एका वाक्यात निकालात निघतो. एकाच वाहिनीवरच्या तीन सोसायट्या निवडा: सुरुवातीची, मधली आणि टोकाची. चाळींमध्ये टाकी नसेल तर वीस लिटरची बादली नळाखाली भरायला किती सेकंद लागतात ते रोज एकाच वेळी लिहा. मग अर्ज असा होतो:

"विषय: अमुक रस्त्यावरील वाहिनीच्या टोकाकडील सोसायट्यांना कमी दाबाने पाणी येत असल्याबाबत.
३ ते ९ तारखेदरम्यान रोज पाण्याच्या वेळेत मोजणी केली, तक्ता सोबत आहे. टोकाच्या सोसायटीला सरासरी १०,८०० लिटर, रहिवासी १९२, माणशी ५६ लिटर. त्याच वाहिनीवर सुरुवातीच्या सोसायटीला १५,६०० लिटर, रहिवासी १२०, माणशी १३० लिटर. मोजणी केलेल्या तिन्ही सोसायट्यांचे बॉलव्हॉल्व्ह व आतील जोडणी प्लंबरकडून तपासून घेतली आहे.
विनंती: वाहिनीच्या दोन्ही टोकांना दाब मोजावा. मोजणीची तारीख कळवल्यास समितीचे दोन प्रतिनिधी हजर राहतील."

एवढंच. विनंती एकच आणि तीही अशी की जी करायला अभियंत्याला वरची मंजुरी लागत नाही. "नवीन वाहिनी टाका" ही मागणी पहिल्या अर्जात नको. दाबाची मोजणी झाली आणि वाहिनी अपुरी निघाली की ती मागणी त्याच्याच अहवालातून पुढे येते.

पाण्याला वास येत असेल, पहिली दहा मिनिटं गढूळ येऊन मग स्वच्छ होत असेल, तर दाबाच्या अर्जात ते घालू नका. ते वेगळं आणि तातडीचं आहे. पाणी दिवसातून काही तासच येतं, उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि वाहिनीला बारीकशी जरी चीर असली तरी शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या धारेचं पाणी घाण असतं. नमुना घ्यायला माणूस येईल तेव्हा त्याला पाणी सुटायच्या वेळी बोलवा आणि नमुना मीटरपाशी, पहिल्या धारेचा घ्यायला लावा. टाकीतला नमुना घेतला तर दोष तुमच्या टाकीवर ढकलला जातो. बाटली निर्जंतुक हवी, ती प्रयोगशाळेचीच. तोवर पिण्याचं पाणी उकळून घ्या आणि चाळींत हा निरोप घरोघर द्या, ग्रुपवर टाकून थांबू नका.

दिव्यांचं काम त्या मानाने हलकं. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तोच लिहा. सलग तीन-चार खांब बंद असतील तर केबलचा दोष, एखाद-दुसरा सुटा बंद असेल तर दिव्याचा, दिवसाही चालू राहत असतील तर टायमरचा. अर्जात हे लिहिलं की पहिल्याच फेरीत योग्य सामान घेऊन माणूस येतो.

कचऱ्याच्या कोपऱ्याबद्दल लोकांची मागणी ठरलेली असते: "कुंडी हटवा." कुंडी जाते, कचरा त्याच जागी पडत राहतो. आधी एक आठवडा सकाळी सात, दुपारी बारा आणि रात्री दहा वाजता त्या जागेचा फोटो काढा. दिवसभरात ढीग कधी वाढतो ते कळलं की कोण टाकतं ते आपोआप कळतं. सकाळी वाढत असेल तर घंटागाडी येते तेव्हा माणसं कामावर गेलेली असतात. मग गाडीची वेळ बदलून मागा, एक फेरी साडेसहा-सातच्या दरम्यान. रात्री वाढत असेल तर आसपासची दुकानं, खाऊगाड्या. त्यांच्यासाठी रात्रीची फेरी मागा आणि दुकानदारांना बैठकीला बोलवा. हा अर्ज घनकचरा विभागाच्या स्वच्छता निरीक्षकाकडे. मुकादमाशी रोजचं बोलणं ठेवा, पण वेळ बदलण्याचा अधिकार त्याला नाही, हे लक्षात असू द्या. चाळींतल्या घरांपर्यंत गाडी पोचतच नसेल तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बोळाच्या तोंडाशी गाडी किती मिनिटं थांबते ते घड्याळ लावून बघा.

डीजेचं दार पोलिसांचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हॉलमालक म्हणतो, "आमचा हॉल बंदिस्त आहे, आम्हाला सूट आहे." सूट आहे हे खरं, पण ती आतल्या आत वापरण्यापुरती. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५. दारं-खिडक्या उघड्या ठेवून वाजवत असतील तर बंदिस्तपणाचा मुद्दाच उरत नाही, त्याचा फोटो ठेवा. त्या वेळी ११२ वर फोन, फोनची वेळ लिहून ठेवणं, आणि दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज, तिन्ही गोष्टी हव्यात. मोबाइलमधल्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही, पण अर्जात अंदाज म्हणून द्यायला हरकत नाही. अशा अर्जावर समितीची सही असावी. एकट्या शेजाऱ्याला हॉलमालकासमोर उभं करू नका, आणि नोंदवहीतही अशा तक्रारदाराचं नाव उघड वाचलं जाणार नाही असं बघा.

नोंदवही म्हटलं तर ती ग्रुपवर नको, कागदाची हवी. लांब रजिस्टर घ्या आणि रकाने आखा: क्रमांक, तारीख, ठिकाण (खांब, गेट, दुकान अशी खूण), विषय, खातं, अर्जाचा आवक क्रमांक, पुढची भेट कधी, कोण जाणार, काय झालं, तक्रारदाराला कधी सांगितलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर तक्रार बंद करायची नाही. व्हॉट्सॲप ग्रुप सूचना देण्यापुरता ठेवा, फक्त ॲडमिनना लिहिता येईल असा. चारशे जणांच्या ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छांखाली तक्रार गाडली जाते आणि सांगणाऱ्याला वाटतं की आपण समितीला कळवलंय. तक्रार घ्यायला प्रत्येक सोसायटीत आणि चाळीत एक माणूस नेमा, त्याच्याकडे चिठ्ठ्यांचं पुस्तक द्या. भाडेकरूंची तक्रारही घ्या. पाणी त्यांच्याही नळाला कमी येतं.

बैठकीची वेळ कुठली ठेवलीत ते पत्रात नाही, पण संध्याकाळी आठची असेल तर बदला. मुंबईहून लोकलने उतरून, रिक्षाच्या रांगेत उभं राहून माणूस घरी येतो तेव्हा साडेआठ-नऊ झालेले असतात. आणि पाण्याची वेळ असेल तेव्हा बायका येऊ शकत नाहीत, ज्यांना पाण्याबद्दल सगळ्यांत जास्त माहिती असते. महिन्याचा ठरलेला रविवार, सकाळी साडेदहा ते बारा, दीड तास. सुरुवात जुन्या तक्रारींपासून करा: नोंदवही उघडा आणि प्रत्येकीचं काय झालं ते वाचा, "झालं नाही, कारण हे" असंही. मग नव्या चिठ्ठ्या, प्रत्येकीला तीन मिनिटं, त्यात फक्त कुठलं खातं आणि कोण जाणार एवढं ठरवायचं. चर्चा तक्रारीवर नको, पुढच्या पावलावर हवी. महिन्यात काही विषय नसला तरी बैठक चुकवू नका. १९८४ च्या दंगलीत होरपळलेली आपल्याच जिल्ह्यातली भिवंडी १९९२-९३ च्या दंगलींत शांत राहिली, त्याचं बरंचसं श्रेय त्याआधीच्या वर्षांत सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त असताना उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांना दिलं जातं. त्या समित्या काही घडलेलं नसतानाही भेटत होत्या, म्हणून घडण्याच्या वेळी माणसं एकमेकांना ओळखत होती. गटार आणि दिव्यांचा विषय त्यापुढे छोटा आहे, पण रीत तीच.

अधिकाऱ्यांना बोलवायचं तर एका बैठकीला एकच खातं. सगळ्यांना एकदम बोलावलं की प्रत्येक जण कुणालातरी पाठवतो आणि तो "साहेबांना सांगतो" म्हणून जातो. आठ दिवस आधी पाच प्रश्न लेखी पाठवा. पाण्याच्या बैठकीला कनिष्ठ अभियंत्यासोबत चावीवाल्यालाही मुद्दाम बोलवा. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि कुणी त्याच्यावर आवाज चढवला तर अध्यक्षांनी लगेच थांबवावं.

नगरसेवकांबद्दल एकच सांगतो. ठाण्यात बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत. अर्जाची तीच प्रत, त्याच दिवशी, चौघांना द्या आणि चौघांची पोच घ्या. एकालाच सांगितलंत तर उरलेल्या तिघांसाठी ते काम "त्यांचं" होतं आणि तुमची समिती एका पक्षाची ठरते. काम झाल्यावर आभाराचा फलक लावायचा आग्रह होईल. समितीने फलक लावायचा नाही असा ठराव आत्ताच करून ठेवा. ऐन वेळी नकार देणं अवघड जातं.

अर्ज दिल्यावर मागे लागण्याचा क्रम साधा आहे. आठव्या दिवशी दोघांनी जाऊन भेटायचं, पोचेची प्रत हातात घेऊन. पंधराव्या दिवशी स्मरणपत्र, त्यात पहिला आवक क्रमांक. महिना झाला की कार्यकारी अभियंत्याला पत्र, सहाय्यक आयुक्तांना प्रत. तरी हालचाल नसेल तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. इथे बहुतेक समित्या फसतात, कारण लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात आणि संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज परत येतो. म्हणून टोकाच्या सोसायटीतल्या एका रहिवाशाने स्वतःच्या नावाने, "माझ्या घराला माणशी ५६ लिटर पाणी मिळतं" असा अर्ज द्यावा, आणि समितीचा तक्ता व आधीच्या अर्जांच्या पोचा सोबत जोडाव्यात.

माहिती अधिकाराचा अर्ज त्याच सुमारास द्या, दहा रुपयांचं शुल्क. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा लागतो. "पाणी का येत नाही?" असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतात, खुलासा मिळत नाही. "आवक क्रमांक अमुकवर केलेल्या कार्यवाहीच्या टिप्पण्यांची प्रत" आणि "अमुक वाहिनीच्या व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या नोंदीची महिन्याभराची प्रत" असं मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याचं शुल्क वीस रुपये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा दाखला कुणी देईल, तर तो नळजोडणी, दाखले अशा अधिसूचित सेवांना लागू आहे. बंद दिव्यासाठी तो वापरता येत नाही.

काही कामं पैशांची असतात: गटाराची नवी भिंत, वाहिनी बदलणं, फूटपाथ. तिथे महिन्याचं नाही, वर्षाचं कॅलेंडर लागतं. महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अंदाजपत्रक आयुक्त फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडतात. त्यात तुमचं काम यायचं असेल तर मागणी दिवाळीच्या आसपास खात्यात पोचलेली हवी. पुढे त्या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, असे टप्पे असतात. दर भेटीत "काम कधी होणार?" असं न विचारता "आता कुठल्या टप्प्यावर आहे आणि फाइल कुणाच्या टेबलावर?" असं विचारा. पावसाळी नाल्याचा अर्ज फेब्रुवारीत, झाडांच्या धोकादायक फांद्यांचा मार्च-एप्रिलमध्ये. फांद्या सोसायटीच्या आवारातल्या असल्या तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, माळ्याला बोलावून परस्पर छाटू नका. जूनमध्ये रस्ता खोदायची मागणी करून उपयोग नाही.

नवी मुंबईतूनही अशी पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे प्रभाग समितीऐवजी बेलापूरपासून दिघ्यापर्यंतच्या आठ विभाग कार्यालयांत अर्ज द्यायचा. मात्र आधी भूखंड किंवा रस्ता सिडकोने महापालिकेकडे हस्तांतरित केलाय का ते विचारून घ्या, आणि औद्योगिक पट्ट्यातला रस्ता असेल तर एमआयडीसीला विचारा. खारघर, कामोठे, कळंबोलीचं दार २०१६ पासून पनवेल महापालिकेचं आहे.

आता रजिस्ट्रेशन. घाई करू नका. तुमची समिती आणि कायद्यातली प्रभाग समिती या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ खाली येते, तिच्यावर नगरसेवक असतात आणि मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांमधून तिघांपर्यंत सदस्य घेता येतात. त्या जागेसाठी पुढे-मागे प्रयत्न करायचा असेल तर नोंदणी लागेल. वर्गणी गोळा करायची असेल, बँकेत खातं हवं असेल किंवा न्यायालयात जायचं असेल तरी लागेल. त्यासाठी किमान सात सभासद, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. पण त्यानंतर दर वर्षी हिशेब, लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, हे सगळं मागे लागतं. अर्जाला वजन यामुळे येत नाही. कनिष्ठ अभियंता तुमचं रजिस्ट्रेशन प्रमाणपत्र कधीच मागणार नाही, तक्ता मागेल.

त्याऐवजी प्रत्येक सोसायटीच्या व्यवस्थापक समितीकडून एक ठराव घ्या: "परिसर समितीवर अमुक यांना प्रतिनिधी आणि अमुक यांना पर्यायी प्रतिनिधी म्हणून नेमत आहोत, मुदत एक वर्ष." चाळींत सभा घेऊन दोन माणसं निवडून घ्या, त्यातली एक बाई असावी, आणि हजर असलेल्यांच्या सह्या जोडा. मतदान झालंच तर प्रत्येक सोसायटीला आणि प्रत्येक चाळीला एक मत. घरांच्या संख्येवर मतं ठेवलीत तर मोठं संकुल सगळं ठरवेल आणि चाळी सगळ्यांत आधी बाहेर पडतील. पैसे घेऊ नका. झेरॉक्स आणि रजिस्टरचा खर्च सोसायट्यांनी आळीपाळीने करावा, पावतीसह.

आणि जी सोसायटी बाहेर पडायचं म्हणतेय, तिच्या चिटणिसांना बैठकीआधी जाऊन भेटा. समजावू नका, नोंदवही घेऊन जा. त्यांनी आजवर सांगितलेल्या तक्रारी शोधून काढा. त्यातली एक निवडा, शक्यतो खांबाच्या क्रमांकावर भागणारी, आणि त्यांच्या समोरच तिचा वेगळा अर्ज लिहा. अर्ज द्यायला प्रभाग समितीच्या कार्यालयात त्यांच्याच प्रतिनिधीला सोबत न्या, म्हणजे पोचेवरचा शिक्का त्याच्या डोळ्यांसमोर बसेल.